ट्रॅक्टर ओढून आणणे हीसुद्धा चोरीच



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, हुमणी, पाण्याच्या पाळ्या असल्या गोष्टींविषयी लिहितो. या अंकात कायद्याविषयी लिहीत आहोत. ते वकिलांचे काम, शेतकी खात्याचे नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. पण तोडणी-वाहतुकीचे करार शेतकी खात्यातच होतात, आणि करार मोडला की पहिली बोंबही आमच्याच टेबलासमोर होते. दर हंगामात एक वाक्य आमच्या कानावर पडतेच. "साहेब, मुकादमाने उचल बुडवली. मग काय, चार पोरं घेऊन गेलो आणि त्याच्या दारचा ट्रॅक्टर ओढून आणला." सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर अपराध केल्याचा भाव नसतो. आपलेच पैसे सोडवायची तजवीज केली, असेच त्याला वाटत असते. ऐकणारेही मान डोलावतात.

कायदा मात्र मान डोलावत नाही. मालकाच्या ताब्यातून त्याच्या संमतीशिवाय गाडी हलवली की ती चोरी ठरू शकते, मग आपले त्याच्याकडे लाख रुपये येणे असो वा दहा लाख. आणि चार पोरे बरोबर नेली असतील तर गोष्ट चोरीवरही थांबत नाही. हे का, ते नीट समजून घेऊ.

प्रथम कायद्याचे नाव. पूर्वी चोरीचा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली नोंदला जाई. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता, २०२३ लागू झाली. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच कलमे लागतात, नंतरच्यांना नवी. चोरी आता कलम ३०३ मध्ये आहे. व्याख्या फारशी बदललेली नाही. जंगम वस्तू पाहिजे, ती दुसऱ्याच्या ताब्यात पाहिजे, त्याची संमती नसली पाहिजे, नेणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक पाहिजे, आणि त्या हेतूने वस्तू जागची हलली पाहिजे. एवढे जुळले की चोरी पुरी झाली.

'हलली पाहिजे' या शब्दांकडे लक्ष द्यावे. कायद्याने येथे स्वतःच एक उदाहरण दिले आहे, आणि ते आपल्या बैलगाडीवाल्यांना लगेच पटेल. खजिन्याची पेटी पाठीवर असलेला बैल एकाला वाटेत भेटतो. पेटी लाटायची म्हणून तो बैलाला एका दिशेने हाकू लागतो. बैलाने पहिले पाऊल टाकले त्याच क्षणी चोरी झाली, असे कायदा म्हणतो. पेटी घरी पोचायची गरज नाही. १८६० च्या संहितेतले हे उदाहरण नव्या संहितेतही कायम आहे. तेव्हा "यार्डातून गाडी फक्त गेटापर्यंतच नेली होती" हा बचाव होत नाही. गेटाच्या दहा पावले अलीकडे सापडला तरी चोरच.

जाता जाता आणखी एक. जमिनीत उभा असलेला ऊस हा जंगम माल नाही, म्हणून उभ्या उसाची चोरी होत नाही. पण कोयता लागून ऊस जमिनीपासून सुटला की तो जंगम होतो, आणि अप्रामाणिक हेतूने तोडणाऱ्याची ती चोरी होते. बांधावरून भांडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. मात्र रस्त्याने चाललेल्या ट्रॉलीमागे धावून एखादे कांडके ओढणारी शाळकरी पोरे पाहून कोणी आम्हाला कलम विचारू नये. इतक्या किरकोळ नुकसानीची शहाणा माणूस तक्रार करणार नाही, ते गुन्ह्यात धरू नये, असेही त्याच संहितेच्या कलम ३३ मध्ये लिहिले आहे. पोर चाकाखाली येईल ही काळजी त्याहून मोठी. ड्रायव्हरने तेवढे मागे बघावे.

आता दुसरा गैरसमज. "कायमची थोडीच नेली, दोन दिवसांत परत देणार होतो." हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली निकालात काढला. प्रकरण मोटारीचे नव्हते, चक्क विमानाचे होते. मे १९५२ मध्ये जोधपूरच्या हवाई दलाच्या अकादमीतील एका शिकाऊ उमेदवाराने, आदल्याच दिवशी काढून टाकलेल्या दुसऱ्या एकाला बरोबर घेऊन, परवानगीशिवाय एक हार्वर्ड विमान उडवले. ते सीमेपलीकडे पाकिस्तानात जाऊन उतरले. विमान आम्हाला ठेवून घ्यायचे नव्हते, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने सांगितले की चोरी होण्यासाठी मालकाला वस्तू कायमची गमवावी लागते असे नाही. थोड्या वेळासाठी अप्रामाणिकपणे ताबा घेतला तरी पुरे. राजस्थानातल्याच अलवर येथील एका सरकारी कार्यालयातील फाईल एका दिवसासाठी बाहेर नेऊन परत ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यालाही पुढे हाच न्याय लागला.

मग शेजाऱ्याची मोटारसायकल न विचारता जत्रेला नेणारा पोरगा चोर का? तसे सरसकट म्हणता येणार नाही. अप्रामाणिक हेतू नसेल तर चोरी नाही. पण म्हणून तो सुटलाच असेही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १९७ अशाच प्रकारासाठी आहे. मालकाची संमती वा अन्य कायदेशीर अधिकार नसताना गाडी घेऊन जाणे एवढ्यावरच तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हा दंड ५०० रुपये होता. विचारले असते तर मालकाने दिलीच असती, असे नेणाऱ्याला सकारण वाटत होते हे पटले तर न्यायालय त्याला दोषी धरत नाही. घरोब्यातल्या माणसाला ही सवलत उपयोगी पडते, वैऱ्याला नाही. आणि पोरगा अठराच्या आतला असून गाडीवर काही गुन्हा करून बसला तर त्याच कायद्याचे कलम १९९अ पालकावर व गाडीच्या मालकावर येते. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. आपल्याला माहीत नव्हते, किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे पालकाने स्वतः सिद्ध करायचे. दहावीच्या पोराच्या हाती ट्रॅक्टरचे स्टिअरिंग देऊन कौतुकाने बघणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

येणे रकमेसाठी गाडी ओढणे

आता मूळ मुद्दा. येणे वसूल करायला गाडी नेली तर हेतू अप्रामाणिक कसा? पैसे तर खरेच येणे आहेत. ही शंका रास्त आहे, आणि ती आजची नाही. कलकत्ता उच्च न्यायालयापुढे १८९५ साली नेमका हाच प्रश्न आला होता. धनकोने ऋणकोच्या ताब्यातील वस्तू त्याच्या संमतीशिवाय, त्याच्यावर पैशासाठी दाब आणायला उचलून नेली, तर ती चोरी होय, असे पूर्णपीठाने ठरवले. कारण साधे आहे. पैसे आपले येणे आहेत हे खरे, पण ट्रॅक्टर आपला नाही. त्या ट्रॅक्टरवर आपला कायदेशीर हक्क काही नाही, आणि तो अडकवून ठेवून दुसऱ्याला त्याच्या वापराला मुकवणे हेच कायद्याच्या भाषेत गैर नुकसान करणे आहे. कायद्यातल्या उदाहरणांतही एक आहे, की दुसऱ्याची वस्तू नेऊन ती परत देण्याबद्दल बक्षिसी मिळेपर्यंत ठेवून घेण्याचा हेतू असेल तर ती चोरी.

वस्तू स्वतःचीच आहे, असा प्रामाणिक समज असेल तर गोष्ट वेगळी. भावाभावांत वाटणी झालेली नसते, ट्रॅक्टर एकाच्या नावावर व हप्ते दुसऱ्याने भरलेले, अशा भांडणात एकाने गाडी नेली तर ते बहुधा दिवाणी प्रकरण ठरते. परंतु उचलीच्या वसुलीत असा समज सांगता येत नाही. मुकादमाचा ट्रॅक्टर मुकादमाचाच आहे हे आपल्याला पक्के ठाऊक असते.

उलट बाजूही आहे. वस्तू स्वतःची असली तरी चोरी होऊ शकते! दुरुस्तीला टाकलेला ट्रॅक्टर, गॅरेजवाल्याने मजुरीपोटी कायद्याने अडवून धरलेला असताना, रात्रीतून बिल न देता पळवला तर मालकच चोर ठरतो. संहितेत हे उदाहरण घड्याळ-दुरुस्तीवाल्याचे आहे, पण घड्याळाच्या जागी गिअरबॉक्स घातला तरी अर्थ तोच. कर्जाऊ गाडीच्या बाबतीत हप्ते थकले आणि करारात तशी अट असली तर कंपनीने गाडी ताब्यात घेणे ही चोरी होत नाही, असे निवाडे आहेत. मात्र त्यासाठी गुंड पाठवून मारझोड करण्याची मुभा बँकेला वा कंपनीला नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे.

आता त्या 'चार पोरांचा' हिशेब करू. साधी चोरी ही माणसाला हात न लावता होते. पण चोरी करताना ड्रायव्हरला अडवले, खाली ओढले, दोन लगावल्या किंवा नुसता मारायचा धाक घातला, तर तीच चोरी जबरी चोरी बनते. कलम ३०९ प्रमाणे तिला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि हमरस्त्यावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात केली तर चौदा वर्षांपर्यंत. उसाची गाडी रस्त्यावर गाठायची तर ती रात्रीच सापडते, हे सांगायला नको. आणि जबरी चोरी करणारे पाच किंवा अधिक असले की तिचे नाव दरोडा. सांगणारा एक आणि त्याची पोरे चार, म्हणजे पाच झाले. दरोड्याला कलम ३१० खाली जन्मठेप, किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि दंडही. प्रत्यक्ष हात न लावता बाजूला उभे राहून मदत करणाराही त्या पाचांत मोजला जातो. उचल बुडाली एकाची, आणि भावकीतली, तालमीतली, नोकरीसाठी अर्ज केलेली पोरे दरोड्याच्या आरोपपत्रात. पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत हे बाहेर येते तेव्हा "आम्ही नुसते बरोबर गेलो होतो" हे कोण ऐकतो? मुकादमाला किंवा टोळीतल्या माणसाला आणून डांबून ठेवण्याचे प्रकारही ऐकू येतात. तो तर आणखी वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा आहे. त्याविषयी आम्हाला जास्त लिहावेसे वाटत नाही.

यावर सभासद विचारतील, आणि त्यांचे खरे आहे, की मग आम्ही बुडायचे काय? उचल घेऊन टोळी न येणे, एकाच टोळीसाठी तिघांकडून पैसे घेणे, हा ट्रॅक्टरमालकांवर होणारा मोठा अन्याय आहे, हे आम्ही रोज पाहतो. सोने गहाण टाकून उचल दिलेल्याचा संसार बसतो. पण त्याला वाट आहे. उचल रोख न देता बँकेतून द्यावी, करार मुद्रांकावर लेखी करावा, मुकादमाचे ओळखपत्र, पत्ता, साक्षीदार, टोळीतल्या मजुरांची नावे ही सर्व कागदावर घ्यावीत. नुसते पैसे न फेडणे हा गुन्हा होत नाही. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवता आले तर कलम ३१८(४) खाली फसवणूक होते व तिला सात वर्षांपर्यंत कैद आहे. एका टोळीचे तीन करार एकाच महिन्यात झालेले असतील तर ते तीन कागद हाच त्या हेतूचा पुरावा. म्हणून एकट्याने तक्रार करण्यापेक्षा फसलेल्या तिघांनी मिळून कागद जुळवावेत. वसुलीचा दिवाणी दावा साधारणतः तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. हंगामामागून हंगाम "देतो, देतो" ऐकत बसले की मुदत निघून जाते. दावा चालायला वेळ लागतो हे आम्हीही जाणतो. पण निदान त्यात आपण आरोपीच्या पिंजऱ्यात नसतो.

शिक्षा किती

साध्या चोरीला, कलम ३०३(२), तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दुचाकीची चोरी पोलीस साधारणतः याच कलमाखाली नोंदतात. याच कलमाखाली दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान एक वर्ष व जास्तीत जास्त पाच वर्षे सक्तमजुरी व दंड. ही दुसऱ्या खेपेची वाढ नव्या संहितेत आली. पाच हजारांहून कमी किमतीची वस्तू, पहिलाच गुन्हा आणि माल वा किंमत परत केलेली, तर समाजसेवेची शिक्षा, हीही नवीनच. गाडी काही पाच हजारांत येत नाही, तेव्हा ती सवलत फार तर टूलबॉक्समधल्या पान्यांना.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे कलम ३०५. माल किंवा प्रवासी वाहण्याचे वाहन चोरले, किंवा अशा वाहनातून माल चोरला, तर सात वर्षांपर्यंत कैद व दंड. जुन्या कायद्यात वाहनाचा असा वेगळा उल्लेख नव्हता. राहत्या घरातून किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतून चोरी झाली तरी हेच कलम. तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉली, पिकअप, ट्रक यांची चोरी ही मोटारसायकलच्या चोरीपेक्षा कायद्याने जड धरली आहे. यार्डात नंबर लावून झोपलेल्या ड्रायव्हरच्या गाडीची बॅटरी वा जॅक काढणाऱ्यालाही हे कलम लागू शकते. मालकाच्या ताब्यातील गाडी नोकरानेच चोरली तर कलम ३०६, शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत. विश्वासाने हवाली केलेली गाडी त्याने परस्पर विकली तर विश्वासघाताचे कलम ३१६. टोळ्या करून, गाडीमागे गाडी चोरण्याचा धंदाच करणाऱ्यांसाठी कलम १११ मधील संघटित गुन्हा. त्यात वाहनचोरीचे नाव घेऊन उल्लेख आहे, आणि शिक्षा किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत, दंड पाच लाखांहून कमी नाही. पण ते कलम लावायला मागील दहा वर्षांतील एकाहून अधिक आरोपपत्रे लागतात.

साधी चोरी (पाच हजारांवरची) आणि वर सांगितलेली कलम ३०५ ची चोरी हे दोन्ही गुन्हे दखलपात्र व अजामीनपात्र आहेत. म्हणजे पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकतात आणि जामीन ठाण्यावर नव्हे, कोर्टात मागावा लागतो. गावच्या बैठकीत मिटले म्हणून ठाण्यात नोंदलेला गुन्हा आपोआप मिटत नाही. मिटवायचा असला तरी वाट कोर्टातूनच जाते.

स्वस्तातली गाडी

चोरीची गाडी विकत घेणारा हा चोराइतकाच अडकतो, हे लोकांना खरे वाटत नाही. "मी पैसे मोजले, मी चोर कसा?" कलम ३१७(२) सांगते की चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, अप्रामाणिकपणे घेतला वा जवळ ठेवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. 'मानण्यास कारण' हे शब्द महत्त्वाचे. बाजारात सहा लाखांना जाणारा ट्रॅक्टर दोन लाखांत, कागद "आठ दिवसांत आणून देतो", विकणारा परजिल्ह्यातला, इंजिनावरचा नंबर घासलेला. एवढे डोळ्यांसमोर असताना "मला काय माहीत" म्हणून भागत नाही. असा धंदा नेहमी करणाऱ्याला त्याच कलमाखाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आणि समजा घेणारा अगदी निष्पाप ठरला, तरी गाडी त्याला राहत नाही. चोराकडे मालकी नव्हती, ती तो दुसऱ्याला कोठून देणार? गाडी मूळ मालकाकडे जाते, पैसे विकणाऱ्याच्या मागे फिरून शोधायचे.

म्हणून जुना ट्रॅक्टर घेताना नोंदणी पुस्तकातला इंजिन नंबर व चेसिस नंबर प्रत्यक्ष गाडीवर टॉर्च लावून ताडून पाहावा. नंबराभोवती ग्राइंडरचा ओरखडा, नवा रंग किंवा वेल्डिंग दिसले तर बयाणा देऊ नये. परिवहन खात्याच्या मोबाईल ॲपवर गाडीचा नंबर टाकला की मालकाचे नाव (काही अक्षरे झाकून), बँकेचा बोजा व विम्याची मुदत कळते. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर ती गाडी चोरीच्या नोंदीत आहे का, हेही पाहता येते. गटातल्या कोणत्याही शिकलेल्या पोराला पाच मिनिटांचे काम. व्यवहार ठरला की फॉर्म २९ व ३० वर सह्या, बोजा असेल तर बँकेचा फॉर्म ३५, दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर तेथील आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र.

विकणाऱ्यासाठीही एक सांगणे. सह्या करून गाडी दिली आणि घेणाऱ्याने नावावर केलीच नाही, तर कायद्याने मालक आपणच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीत ज्याचे नाव तो मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असे स्पष्ट सांगितले. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. किती जण कळवतात?

गाडी गेली तर

शोधाशोध करण्यात दोन दिवस घालवू नयेत. ११२ नंबरला फोन करावा आणि त्याच दिवशी ठाण्यात प्रथम खबर द्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे न पाहता कोणत्याही ठाण्याला खबर नोंदवून घ्यावी लागते, आणि तिची प्रत फुकट मिळते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. ठाण्यात घेतली नाही तर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तपास कोठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांत कळवायचे असते, ते विचारावे.

विमा कंपनीलाही लगेच लेखी कळवावे. एका ट्रॅक्टरच्याच प्रकरणात, चोरीच्या दिवशी खबर दिलेली पण कंपनीला बावन्न दिवसांनी कळवलेले, म्हणून दावा नाकारला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की पोलिसांत ताबडतोब खबर दिली असेल तर केवळ कंपनीला कळवण्यातील उशिरावरून दावा नाकारता येणार नाही. पण हे त्या मालकाला दहा वर्षांनी मिळाले, हेही पाहावे. कंपनी दोन्ही चाव्या मागते. किल्ली गाडीलाच लटकवून ड्रायव्हर चहाला गेला होता असे निघाले तर दावा अडतो. काही प्रकरणांत न्यायालयाने ७५ टक्के रक्कम देवविली आहे, तीही कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर. तपास लागला नाही तर पोलीस 'अ समरी' अहवाल पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. तो कागद कंपनी मागते, तो मिळेपर्यंत पाठपुरावा आपणच करायचा.

यात सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे 'थर्ड पार्टी' विमा. कराराला विम्याची प्रत लागते म्हणून स्वस्तातला थर्ड पार्टी उतरवायचा, ही पद्धत पडली आहे. त्या विम्यात आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई मिळते. आपली गाडी चोरीला गेली तर एक रुपया मिळत नाही. बँकेचे हप्ते मात्र चालूच. उलट बाजूने, गाडी विकून टाकून चोरीची खोटी खबर देणे हा शहाणपणा कोणी करू नये. खोट्या खबरीला कलम २१७ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि कंपनीच्या फसवणुकीला सात वर्षांपर्यंत.

गाडी सापडली तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी राहते, उन्हापावसात टायर सडतात. तसे होऊ देऊ नये. २००२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की जप्त वाहने ठाण्यात महिनोन्महिने ठेवू नयेत, छायाचित्रे व पंचनामा करून, बंधपत्र घेऊन मालकाला द्यावीत. आता कलम ४९७ मध्ये त्याला दिवसांची मुदतही घातली आहे. वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून गाडी सुपूर्तनाम्यावर सोडवून घ्यावी. हंगाम चालू असताना प्रत्येक दिवसाच्या खेपा बुडतात.

शेवटी ट्रॉलीविषयी. ट्रॅक्टरचे कागद निदान कपाटात असतात, ट्रॉलीचे काहीच नसते. गावच्या वर्कशॉपमध्ये बांधलेली, नोंदणी नाही, नंबर नाही, बिलही नाही. अशी ट्रॉली चोरीला गेली आणि पन्नास किलोमीटरवर दुसऱ्या रंगात सापडली, तर ती आपलीच हे कशावरून सांगणार? ट्रॉलीचीही नोंदणी कायद्याने लागतेच. करार भरायला येताना सभासदांनी ट्रॅक्टर व दोन्ही ट्रॉल्यांच्या नोंदणी पुस्तकांच्या प्रती, चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून काढलेला ठसा, आणि विम्याची प्रत आणावी. ट्रॉलीच्या सांगाड्यावर आतील बाजूस, सहज न दिसेल अशा जागी, वेल्डिंगने आपली खूण करून घ्यावी आणि ती कोठे केली हे एका कागदावर लिहून बंद पाकिटात घरी ठेवावे. ठसा काढता येत नसेल तर गट कार्यालयात गाडी घेऊन यावे, आमचे लोक काढून देतील.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते